आय-लीग : पहिला हंगाम (२००७–०८)

आय-लीग : पहिला हंगाम (२००७–०८). अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यावसायिक क्लबांसाठी सुरू केलेल्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे पहिले वर्ष. प्रारंभ २४ नोव्हेंबर २००७ रोजी मडगावच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. सहभागी क्लब १०; प्रत्येक क्लबाचे इतरांशी दोनदा, म्हणजे १८ सामने; एकूण सामने ९०. विजेता धेंपो स्पोर्ट्स क्लब, उपविजेता चर्चिल ब्रदर्स. दोन्ही क्लब गोव्याचे. दोघांचेही ३६ गुण झाले आणि विजेतेपदाचा निकाल गोलफरकावर लागला.

त्याआधीची अकरा वर्षे राष्ट्रीय फुटबॉल लीग खेळवली जात होती. १९९६–९७ मधील तिच्या पहिल्या वर्षी पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी संघाने बाजी मारली होती, तर २००६–०७ मधील शेवटची लीग धेंपोने जिंकली. ही स्पर्धा अर्धव्यावसायिक होती. अनेक संघ कंपन्यांचे किंवा सरकारी खात्यांचे होते, खेळाडूंच्या हातात करारापेक्षा नोकरीचे पत्र असे आणि अनेक ठिकाणी क्लब म्हणजे मालकाच्या मर्जीवर चालणारा एक विभाग असे. आशियाई फुटबॉल महासंघ देशोदेशींच्या संघटनांकडे व्यावसायिक लीगचा आग्रह धरू लागला होता. प्रियरंजन दासमुन्शी अध्यक्ष आणि गोव्याचे आल्बेर्तो कुलासो सरचिटणीस असताना भारतीय महासंघाने जुनी लीग बंद करून आय-लीग आणली. प्रायोजकत्व ओएनजीसीचे होते आणि सामने झी स्पोर्ट्सवर दिसत.

आदल्या लीगमधील आठ क्लब नव्या लीगमध्ये आले : धेंपो, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि जेसीटी. दुसऱ्या श्रेणीतून गोव्याचा साळगावकर आणि केरळचा विवा केरळ हे दोन क्लब वर आले. या यादीकडे नकाशा समोर ठेवून पाहिले पाहिजे. दहापैकी चार क्लब गोव्याचे, दोन मुंबईचे आणि दोन कोलकात्याचे. पंजाब व केरळचा प्रत्येकी एक. म्हणजे ‘राष्ट्रीय’ लीगचे सहा संघ मुंबई ते मडगाव एवढ्या किनारपट्टीवरचे होते. नव्वद सामन्यांपैकी बारा गोव्यातल्या क्लबांचे आपापसांतले होते. मध्य भारतातून एकही क्लब नव्हता.

उद्घाटनाच्या सामन्यात धेंपो व साळगावकर समोरासमोर आले. तिसऱ्याच मिनिटाला नायजेरियाच्या चिडी एडेने धेंपोसाठी लीगच्या इतिहासातील पहिला गोल केला आणि धेंपोने ३–० असा विजय मिळवला. या एका सामन्यात पुढच्या हंगामाचे चित्र बरेचसे दिसले होते. धेंपो पहिल्या स्थानावर पोहोचला, तर साळगावकर विवा केरळसह खालच्या श्रेणीत गेला.

धेंपोच्या यशाचे श्रेय प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांना प्रथम द्यावे लागते. २००० पासून ते या संघासोबत होते आणि वर्षानुवर्षे तेच खेळाडू हाताशी ठेवून त्यांनी संघ घडवला. दरवर्षी खेळाडूंची खांदेपालट करणाऱ्या भारतीय फुटबॉलमध्ये हा संयम दुर्मीळ होता. मध्यफळीत क्लायमॅक्स लॉरेन्स व क्लिफर्ड मिरांडा, बचावात समीर नाईक असे गोव्याच्या मातीतले खेळाडू संघाचा कणा होते. त्यांना ब्राझीलच्या बेटोची कल्पकता आणि नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सचा गोलांचा धडाका लाभला. बेटो आणि रँटी हंगामापुरते आलेले पाहुणे नव्हते. दोघेही पुढची अनेक वर्षे धेंपोतच राहिले. त्याच २००८ साली धेंपोने आशियाई महासंघाच्या एएफसी कपाची उपांत्य फेरीही गाठली.

चर्चिल ब्रदर्सची भिस्त ओडाफा ओकोली या नायजेरियन आघाडीपटूवर होती. त्याने २२ गोल करून हंगामातील सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. अठरा सामन्यांच्या लीगमध्ये बावीस गोल ही कामगिरी असामान्यच होती. एवढे गोल करणारा आघाडीपटू असूनही विजेतेपद गोलफरकाने हुकले, यावरून या हंगामातील चुरस किती टोकाची होती ते कळते. जेसीटी तिसऱ्या स्थानावर राहिला. तेव्हा तेवीस वर्षांचा असलेला सुनील छेत्री याच संघात होता. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामागे देशातला सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग होता, तरी विजेतेपदाची शर्यत शेवटी दोन गोवेकर क्लबांतच राहिली.

गोव्याचे हे वर्चस्व योगायोगाने आले नव्हते. कापणी झालेल्या भातशेतात आणि चर्चसमोरच्या मैदानात खेळणारी गावे, गावोगावच्या स्पर्धा आणि १९९० च्या दशकात सुरू झालेली गोवा प्रोफेशनल लीग यांतून खेळाडूंचा पुरवठा अखंड होत असे. धेंपो व साळगावकर या उद्योगघराण्यांनी लोहखनिजाच्या व्यवसायातून आलेला पैसा क्लबांत घातला. चर्चिल ब्रदर्स हा वार्का येथील आलेमांव कुटुंबाचा क्लब. २००७–०८ ते २०१२–१३ अशी लागोपाठ सहा विजेतेपदे गोव्यातच राहिली : धेंपोची तीन, चर्चिलची दोन आणि एक साळगावकरचे. पहिल्याच हंगामात खाली घसरलेल्या साळगावकरने परत वर येऊन करीम बेंचेरिफा यांच्या मार्गदर्शनाखाली २०१०–११ ची लीग जिंकली. या लीगच्या इतिहासातील हे एक अतिशय अभिमानास्पद पुनरागमन होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा हंगाम एका युगाच्या अखेरीकडचा ठरला. महिंद्रा युनायटेडने दोनच वर्षांपूर्वी, २००५–०६ मध्ये, डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली राष्ट्रीय लीग जिंकली होती. मुंबईकर स्टीव्हन डायस याच्यासारखे राष्ट्रीय संघातले खेळाडू त्यांच्याकडे होते. बिमल घोष यांच्या हाताखालचा एअर इंडिया संघ कमी साधनांत मोठ्या संघांना झुंजवणारा म्हणून ओळखला जाई. दोन्ही संघ कंपन्यांचे होते आणि तीच त्यांची मर्यादाही ठरली. २०१० मध्ये कंपनीने निर्णय घेताच महिंद्रा युनायटेड बंद झाला. एअर इंडियाला क्लब-परवान्याच्या अटी न पाळल्यामुळे २०१३ मध्ये लीगबाहेर जावे लागले. दरम्यान २००७ मध्येच मुंबई एफसी व पुणे एफसी हे नव्या पद्धतीचे क्लब स्थापन झाले. मुंबई एफसी दुसऱ्याच हंगामात, पुणे एफसी २००९–१० मध्ये वरच्या श्रेणीत आला. महाराष्ट्रातील एकाही क्लबाला आय-लीग जिंकता आली नाही. राज्याला राष्ट्रीय साखळीचे पुढचे विजेतेपद मिळाले ते २०२०–२१ मध्ये, मुंबई सिटीने इंडियन सुपर लीग ही नंतर सुरू झालेली साखळी जिंकली तेव्हा.

विदर्भ या नकाशात कोठेच नव्हता. वास्तविक नागपुरात क्लबांची जुनी जिल्हा लीग आहे आणि कामठीच्या रब्बानी क्लबाची ख्याती शहराबाहेरही आहे. झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवणारे विजय बारसे यांचे काम तर २००१ पासून नागपुरातच उभे राहिले. पण नागपूरच्या मनीषनगरातल्या एखाद्या मुलाला आय-लीगचा सामना मैदानावर पाहायचा तर आठशेहून अधिक किलोमीटरवरचे मुंबईचे कूपरेज गाठावे लागे. राज्य संघटनेच्या मार्गाने विदर्भातला गुणी खेळाडू पुढे जाऊ शकत होता, मात्र आपल्या शहराच्या नावाने राष्ट्रीय लीगमध्ये उतरण्याची सोय त्याला नव्हती. व्यावसायिक लीगची खरी कसोटी नव्या शहरांत क्लब उभे करण्यात असते आणि त्या कसोटीवर हा पहिला हंगाम अपुरा पडला, असे म्हटले पाहिजे.

दुसऱ्या हंगामात मुंबई एफसी, चिराग युनायटेड, वास्को आणि मोहम्मडन स्पोर्टिंग यांना प्रवेश देऊन क्लबांची संख्या बारा करण्यात आली. पहिल्या हंगामातील दहांपैकी महिंद्रा युनायटेड व जेसीटी २०११ पर्यंत बंद झाले. विवा केरळही नाव बदलून थोडाच काळ टिकला. इंडियन सुपर लीगला प्रमुख स्थान देण्याच्या योजनेच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. मोहन बागान व ईस्ट बंगाल २०२० मध्ये सुपर लीगमध्ये गेले. आय-लीग पुढे देशातील दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा झाली आणि तिचा पहिला विजेता धेंपो २०२४–२५ च्या हंगामात पुन्हा तिच्यात दाखल झाला.