‘धिस’, ‘दॅट’ आणि आठवीतला एक मुलगा : माझ्या संशोधन विषयाचा इतिहास



‘पेट’ पास झाल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न पडतो : विषय कुठला घ्यायचा? आज मी माझ्याच विषयाची गोष्ट सांगणार आहे. हा विषय पहिल्या सादरीकरणात नापास झाला होता. तो सुटला इतिहासामुळे, म्हणून गोष्टही इतिहासाचीच आहे.

माझा मूळ विषय होता : ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी दर्शक सर्वनामे आणि भावनिक जाणीव एकत्रितपणे शिकवण्याच्या कार्यक्रमाची परिणामकारकता’. म्हणजे धिस, दॅट, दीज, दोज हे चार शब्द आणि त्याबरोबर स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणं. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “हे दोन एकत्रच का? उद्या तुम्ही आर्टिकल्स आणि आरोग्य असाही विषय आणाल.” सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर नव्हतं. ‘सर्वांगीण विकास’ वगैरे काहीतरी बोललो आणि खाली बसलो.

माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रात झालेलं. दोन चलं घ्यायची आणि संबंध मोजायचा, एवढंच डोक्यात होतं. ती दोन चलं एकमेकांजवळ का यावीत, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

१. वस्तूकडे बोट

आपल्याकडे इंग्रजी आधी भाषांतरातून आलं. नियम, शब्द, मग मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून मराठी वाक्यं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक असते ती याच परंपरेतली. या पद्धतीत ‘धिस’ म्हणजे ‘हा-ही-हे’ असं पाठ केलं की काम झालं.

युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याला विरोध सुरू झाला. १८७८ मध्ये मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे आपली भाषाशाळा काढली. १८८२ मध्ये विल्हेल्म फिएटर या जर्मन अभ्यासकाने ‘भाषाशिक्षणाने उलट फिरलं पाहिजे’ अशा आशयाची पुस्तिका लिहिली. बोलणं आधी, वाचणं-लिहिणं नंतर, आणि मातृभाषेचा आधार शक्यतो कमी, हा या सुधारकांचा सूर.

आता विचार करा. मातृभाषा वापरायची नाही, तर पहिल्या तासाला अर्थ पोहोचवायचा कसा? बोट दाखवून! ‘धिस’ आणि ‘दॅट’ एकदम महत्त्वाचे झाले ते इथे. टेबलावरचं पुस्तक, हातातला खडू, खिडकीबाहेरचं झाड. साहित्याला खर्च नाही आणि साठ मुलांच्या वर्गातही चालतं.

हॅरॉल्ड पामर १९२२ मध्ये जपानला गेले आणि त्यांनी तोंडी सराव व कृती यांवर आधारलेलं शिक्षण पद्धतशीर बांधलं. पुढे ए. एस. हॉर्नबी यांनी वाक्यरचनांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी मांडणी केली. हीच विचारधारा १९५० च्या दशकात भारतात ‘स्ट्रक्चरल अप्रोच’ म्हणून पसरली. मद्रास राज्यात तर प्राथमिक स्तरावर इंग्रजी शिकवणाऱ्या सुमारे २७,००० शिक्षकांना साखळी पद्धतीने प्रशिक्षण देण्याची मोहीम झाली. ‘मद्रास स्नोबॉल’ या नावाने ती ओळखली जाते. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था उभी राहिली. आजचं ‘एफ्लू’ विद्यापीठ ते हेच.

बी.एड. केलेल्यांना हा पाठ तोंडपाठ असेल. शिक्षक टेबलाजवळ : ‘धिस इज अ पेन’. मग पेन लांब ठेवायचं : ‘दॅट इज अ पेन’. मग विद्यार्थ्याला पुढे बोलवायचं, म्हणजे बोलणाऱ्याची जागा बदलली की शब्द बदलतो हे त्याला कळतं. पाठ म्हणून हा उत्तमच आहे. पण समोर दिसणाऱ्या पेनाला ‘हे पेन आहे’ असं खऱ्या आयुष्यात कोण कोणाला सांगतं? एच. जी. विडोसन यांनी १९७८ मध्ये नियमबरहुकूम वाक्य बनवणं आणि भाषा खरोखर वापरणं यांत फरक केला, तो इथे तंतोतंत लागू पडतो. वस्तू होती, अंतर होतं, बोटही होतं. बोट ज्याचं, त्या मुलाला काय सांगायचं होतं हे मात्र पाठात कुठेच नव्हतं.

२. मुलाकडे लक्ष

दुसरा रस्ता १९७० च्या दशकातला. चार्ल्स करन हे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक होते. नवी भाषा बोलताना प्रौढ माणूससुद्धा लहान मुलासारखा असुरक्षित होतो, हे ओळखून त्यांनी समुपदेशनाच्या धर्तीवर भाषाशिक्षणाची पद्धत मांडली. अर्ल स्टेविक यांनी १९७६ च्या पुस्तकात स्मरण, अर्थ आणि पद्धत यांची सांगड घालताना शिकणाऱ्याच्या मनातल्या घडामोडींना मध्यवर्ती जागा दिली. गर्ट्रूड मॉस्कोविट्झ यांनी १९७८ मध्ये परभाषेच्या वर्गासाठी स्वतःबद्दल बोलण्याचे, एकमेकांचं कौतुक करण्याचे उपक्रमच पुस्तकरूपाने दिले. ड्यूले आणि बर्ट यांनी सुचवलेली आणि क्रॅशन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘अफेक्टिव्ह फिल्टर’ ही कल्पना तुम्हाला नेट-सेटच्या अभ्यासात भेटलीच असेल. १९८६ मध्ये हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परभाषा वर्गातली भीती मोजणारी ३३ विधानांची श्रेणी तयार केली. ती आजही वापरली जाते.

याच्या समांतर मानसशास्त्रात सॅलोवी आणि मेयर यांचा ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा लेख १९९० चा, आणि गोलमन यांचं गाजलेलं पुस्तक १९९५ चं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत स्व-जाणीव आणि भावनांचं समायोजन आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून आठवीपर्यंत ‘हॅपिनेस’चा अभ्यासक्रम आला.

म्हणजे इथे मूल दिसलं, त्याची भीती दिसली. पण बहुतेक ठिकाणी भावना हा भाषा शिकण्याच्या भोवतीचा विषय राहिला : वातावरण आनंदी ठेवा, भीती कमी करा. नेमक्या कोणत्या व्याकरणिक शब्दात भावना बसलेली असते, हा प्रश्न या रस्त्यावर फारसा आला नाही. आणि समितीतल्या सरांचा प्रश्न नेमका तोच होता!

३. दोन रस्ते भेटतात ती जागा

उत्तर शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत नव्हतं, भाषाविज्ञानात होतं.

१९३४ मध्ये कार्ल ब्यूलर या मानसशास्त्रज्ञाने सांगितलं की ‘मी, इथे, आत्ता’ हा बोलण्याचा आरंभबिंदू असतो आणि दर्शक शब्द त्या बिंदूपासून मोजले जातात. हे वाचताना मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ही तर आपली निर्देशांक पद्धती! आरंभबिंदू हलवा, सगळे निर्देशांक बदलतात. पेनाचं अंतर पेनात नसतं, ते बोलणाऱ्यापासून असतं.

मग १९७४ मध्ये रॉबिन लेकॉफ यांनी ‘धिस’ आणि ‘दॅट’ यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांनी या शब्दांचे तीन प्रकारचे वापर दाखवले : जागा-वेळ दाखवणारा, संभाषणातल्या आधीच्या-पुढच्या गोष्टीकडे बोट करणारा, आणि तिसरा भावनिक. बोलणारा एखाद्या माणसाला किंवा गोष्टीला मनाने जवळ घेतो की लांब ढकलतो, हे या शब्दांतून कळतं. जॉन लायन्स यांनीही १९७७ मध्ये दर्शक शब्दांतल्या या आपुलकीच्या अंगाची दखल घेतली.

पटत नसेल तर मराठीकडे बघा. जुन्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव न घेता म्हणते, “आमचे हे बाहेर गेलेत.” ‘हे’ बाहेर गेलेत, म्हणजे समोर नाहीत, तरी ‘ते’ नाही, ‘हे’! अंतर किलोमीटरमध्ये मोजलेलंच नाही. उलट रागाने “त्याचं नाव काढू नकोस” म्हणतो तेव्हा ‘तो’ शेजारच्या खोलीत असला तरी मनाने लांब गेलेला असतो.

आणि आपलं ‘हे’ भलतंच कामसू आहे. ‘हे पुस्तक’ (एकवचन), ‘हे मुलगे’ (अनेकवचन), ‘हे आमचे सर’ (आदर). इंग्रजीत पहिल्या आणि तिसऱ्यासाठी ‘धिस’ लागतं, दुसऱ्यासाठी ‘दीज’. आदराची खूण इंग्रजीच्या या चार शब्दांत नाहीच.

४. तो मुलगा

आता ती घटना सांगतो, जी पायलट अभ्यासात घडली. आठवीचा वर्ग, ग्रामीण शाळा. घरातला एक फोटो आणून त्याविषयी दोन वाक्यं बोलायची होती. एका मुलीने आईचा फोटो दाखवला आणि न चुकता म्हणाली, ‘धिस इज माय मदर’. तिच्यानंतरचा मुलगा उठला. हातात वडिलांचा फोटो. म्हणाला, ‘दीज आर माय फादर’.

मागून कोणीतरी ओरडलं, “किती फादर आहेत रे?” वर्ग फुटला. मीही हसलो असणार, कारण तो माझ्याकडे बघून खाली बसला. तासाभरात पुन्हा एक शब्द बोलला नाही. माझ्या निरीक्षण तक्त्यात मी नोंद केली : दर्शक सर्वनाम, वचनाची चूक, १.

समितीनंतर तो तक्ता पुन्हा काढला तेव्हा सगळं लक्षात आलं. आईला आपण ‘ही माझी आई’ म्हणतो, एकेरी. तिथून ‘धिस इज’ सरळ येतं. वडिलांना ‘हे माझे वडील आहेत’. त्याच्या कानाला ‘धिस इज’ म्हणजे ‘हा आहे’. बापाला ‘हा’ कसं म्हणायचं? त्याने अनेकवचन चुकवलं नव्हतं, मराठीतला आदर इंग्रजीत न्यायचा प्रयत्न केला होता. वाक्य चुकीचंच होतं, ते दुरुस्त करायलाच हवं होतं. पण “तू आदराने बोललास, इंग्रजीत तो आदर या शब्दाने दाखवत नाहीत” एवढं म्हणायला मला अर्धा मिनिट लागला असता. माझ्या तक्त्यात चुकीसाठी रकाना होता, हसलेल्या वर्गासाठी आणि गप्प झालेल्या मुलासाठी नव्हता.

मी पुढच्या भेटीत त्याला हे सांगितलं. तो फक्त “हो सर” म्हणाला. यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही, तुम्हीही काढू नका. पण सरांच्या ‘एकत्रच का?’ या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं : कारण या चार शब्दांत अंतर आणि नातं मुळातच एकत्र आहेत. आपण शिकवताना ते वेगळे केले.

५. तुमच्या सिनॉप्सिससाठी

दुसऱ्या सादरीकरणात विषय मान्य झाला, पण आराखडा बराच बदलला. तुमच्या कामी येतील अशा गोष्टी :

- ‘अ आणि ब एकत्र’ असा विषय असेल तर दोघांमधला दुवा आधी शोधा. तो विषयाच्याच पोटात असला पाहिजे. ‘सर्वांगीण विकास’ हा दुवा नव्हे, ते निसटणं आहे.
- संबंधित साहित्याचा आढावा म्हणजे नावं आणि साल यांची यादी नाही. कोणत्या परंपरेने काय पाहिलं आणि काय तिच्या नजरेतून सुटलं, ते लिहा. तुमची संशोधन-फट तिथेच सापडते.
- एकत्रित कार्यक्रमाचा परिणाम दाखवायचा तर एक गट पुरत नाही. फक्त व्याकरणाचा गट, फक्त भावनिक उपक्रमांचा गट आणि एकत्रित गट असे तीन तरी हवेत. नाहीतर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही.
- भावनिक जाणिवेची चाचणी मराठीत घ्या. इंग्रजीत घेतली तर तुम्ही पुन्हा इंग्रजीच मोजाल.
- दावा लहान ठेवा. ‘दॅट’ शिकवल्याने मुलं समंजस होतात असं मी म्हणत नाही. भावनेचा संदर्भ दिल्यावर या शब्दांचा वापर सुधारतो का, आणि त्याच तासांत भावना ओळखणं वाढतं का, एवढेच दोन प्रश्न मी विचारतोय. उत्तर ‘नाही’ आलं तरी ते प्रबंधात जाईल.

आणि एक शेवटचं. निरीक्षण तक्ता बनवाल तेव्हा एक रकाना रिकामा ठेवा, ‘इतर’ नावाचा. माझ्या नव्या तक्त्यात तो आहे.

तुमच्या विषयात असा जोड असेल तर तो जोड कुठून आला, हे एका परिच्छेदात लिहून बघा. जमलं तर सादरीकरणाला निर्धास्त जा. नाही जमलं तर अजून थोडं वाचा, माझ्यासारखं खाली बसण्यापेक्षा ते बरं. भेटू पुढच्या लेखात!