दरडीनंतरचे मन: मानसशास्त्र काय सांगते आणि ते कसे शोधून काढते

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावाच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या, आणि महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले.

अशा घटनेतून वाचलेल्या माणसाची हाडे शाबूत असतात, रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात. तरीही पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पत्र्यावर वाजू लागला की त्याची झोप उडते, छातीत धडधडते, हात गार पडतात. घरचे म्हणतात, "आता विसर." कोणी म्हणते बाधा आहे, भगताला दाखवा. कोणी म्हणते, एकदा मोकळेपणाने रडू द्या, सगळे बोलून घ्या, म्हणजे बरे वाटेल. यातले खरे काय, हे ठरवायचे कसे? मानसशास्त्राचा इतिहास हा बराचसा याच प्रश्नाचा इतिहास आहे. म्हणून या लेखात आपण मानसशास्त्राची तोंडओळख याच उदाहरणावरून करून घेऊ.

थोडक्यात
• मानसशास्त्र म्हणजे मन आणि वर्तन यांचा पद्धतशीर अभ्यास.
• त्यात अनेक विचारप्रवाह आहेत. प्रत्येक प्रवाह त्याच त्रासाकडे वेगळ्या बाजूने पाहतो.
• कोणता उपाय करावा हे प्रवाह ठरवत नाही, चाचणी ठरवते. चांगल्या हेतूने केलेला उपायही नुकसान करू शकतो.
• आपत्तीनंतरची भीती बहुतेकांमध्ये हळूहळू ओसरते. ज्यांची ओसरत नाही, त्यांच्यासाठी परिणामकारक उपचार आहेत.

मानसशास्त्र कसे सुरू झाले?

मनाविषयीचा विचार आपल्याकडे आणि जगात फार जुना आहे. मात्र मनाचा अभ्यास प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय सहसा विल्हेल्म वुंट यांना देतात. त्यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. एखादा आवाज ऐकल्यावर माणूस किती वेळात प्रतिसाद देतो, त्याला नेमके काय जाणवते, अशा गोष्टी तेथे मोजल्या जात. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मन कशाचे बनले आहे यापेक्षा ते जगण्यात काय काम करते, हा त्यांचा प्रश्न होता.

भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेथीलच गिरींद्रशेखर बोस या डॉक्टरांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. सिग्मंड फ्रॉईड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि पत्रांतून ते आपले मतभेदही मांडत. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठात १९५० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला.

आघातानंतरच्या त्रासाला आजार म्हणून मान्यता मिळायला मात्र फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानंतर थरथरणाऱ्या, बोलता न येणाऱ्या अनेक सैनिकांना भित्रे ठरवले गेले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान १९८० मध्ये घेतले. म्हणजे तुमच्या आजोबांच्या पिढीला या त्रासासाठी डॉक्टरांकडेही नीट शब्द नव्हता.

एकच माणूस, पाच नजरा

समजा, दरड कोसळली तेव्हा कामानिमित्त मुंबईत असलेला एक तरुण आहे. घरातली माणसे गेली, तो वाचला. आता तो पावसाळ्यात गावाकडे फिरकत नाही, रात्री दचकून उठतो, आणि "मी तिथे असतो तर" हे वाक्य त्याच्या मनातून जात नाही. मानसशास्त्राचे प्रमुख प्रवाह त्याच्याकडे कसे पाहतील?

१. मनोविश्लेषण. फ्रॉईड यांच्या मते आपल्या वागण्यामागे अशा इच्छा आणि संघर्ष असतात की ज्यांची आपल्याला जाणीव नसते. हा प्रवाह विचारील: गेलेल्या माणसांशी त्याचे नाते कसे होते? न बोललेला राग किंवा अपराधभाव कोणता? फ्रॉईड यांचे अनेक सिद्धांत तपासणे अवघड आहे आणि काही टिकलेले नाहीत. पण रुग्णाचे शांतपणे ऐकून घेणे हा उपचाराचा भाग होऊ शकतो, हे या प्रवाहाने रुजवले.

२. वर्तनवाद. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मांडले की मानसशास्त्राने डोळ्यांना दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा. रशियातील पावलोव्ह यांच्या कुत्र्यांना घंटा आणि अन्न यांची जोड लागली, तशी इथे पावसाचा आवाज आणि मृत्यू यांची जोड लागली आहे. गाव टाळल्याने त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, म्हणून टाळणे वाढत जाते आणि भीती कायम राहते. सुरक्षित परिस्थितीत हळूहळू सामोरे जाणे हा उपाय इथूनच आला.

३. मानवतावाद. कार्ल रॉजर्स आणि अब्राहम मॅस्लो यांनी माणसाची प्रतिष्ठा, अर्थ आणि निवड यांवर भर दिला. हा तरुण म्हणजे केवळ लक्षणांची यादी नाही. त्याला पुन्हा घर, काम आणि आपली माणसे हवी आहेत. डोक्यावर पक्के छप्पर नसताना नुसते समुपदेशन पुरत नाही, हे लक्षात ठेवायला हा प्रवाह उपयोगी पडतो.

४. बोधात्मक प्रवाह. घटनेइतकाच घटनेचा आपण लावलेला अर्थही त्रास देतो, असे अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांनी दाखवून दिले. "मी तिथे असतो तर त्यांना वाचवले असते" हा विचार तपासून पाहता येतो: डोंगर खाली यायला किती क्षण लागले? एकटा माणूस काय करू शकला असता? एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवण्यात प्रा. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे, त्यामुळे या विषयावर मराठीत वाचायलाही मिळते.

५. जैविक दृष्टी. धोका ओळखणारी मेंदूतील यंत्रणा अजून सावध आहे. झोप, भूक, नाडीचे ठोके, सगळ्यांवर तिचा परिणाम होतो. काही रुग्णांना औषधांची गरज लागते ती यासाठीच.

या पाचांपैकी कोण बरोबर, असा प्रश्न नाही. आज चांगला उपचार करणारा तज्ज्ञ यातले अनेक धागे एकत्र वापरतो. खरा प्रश्न पुढचा आहे: कोणता उपाय लागू पडतो हे कळते कसे?

संशोधन कसे करतात?

एका व्यक्तीचा अभ्यास. डॉक्टर एकाच रुग्णाचा सविस्तर वृत्तांत लिहितात. त्यातून नवी कल्पना सुचते, पण ती सर्वांना लागू होईलच असे नाही.

प्रत्यक्ष नोंदी. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी लोकांत पसरलेल्या अफवा टिपून ठेवल्या. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नव्हती, तिथे "याहून मोठे संकट येणार" अशा अफवा होत्या. पुढे १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या अफवांचा अभ्यास केला. तिथे नाश डोळ्यांसमोर होता, आणि येऊ घातलेल्या मोठ्या संकटाच्या अफवा तशा आढळल्या नाहीत. या दोन अभ्यासांची तुलना करून अमेरिकेतील लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध सिद्धांतात मांडले की माणूस घाबरलेला असेल आणि कारण समोर दिसत नसेल, तर तो भीतीला साजेसे कारण शोधतो. आपत्तीनंतर शेजारच्या गावांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निरोप वाचताना हे आठवावे.

इथे एक सावधगिरी हवी. महाड तालुक्यात जुलै २००५ मध्येही जुई, दासगाव अशा गावांत दरडींनी बळी घेतले होते. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्याची भीती हा दरवेळी आजार नसतो. जमिनीला भेगा पडल्या, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर ती भीती मनातून काढायची नाही; तिचे ऐकून लगेच जागा सोडायची आणि प्रशासनाला कळवायचे.

पाहणी. ठरावीक प्रश्नावली घेऊन अनेकांना भेटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्यांच्या एका लहान पाहणीत अर्ध्याहून अधिक लोकांमध्ये मानसिक विकाराची लक्षणे सापडली. त्यात नैराश्य आणि पीटीएसडी प्रमुख होते. पाहणीने त्रास किती आहे ते कळते. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे सिद्ध होत नाही.

प्रयोग. उपाय लागू पडतो का, याचे सर्वांत भरवशाचे उत्तर इथे मिळते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे दोन गट पाडतात. एका गटाला उपाय देतात, दुसऱ्याला नेहमीची मदत. काही महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना करतात.

"सगळे बोलून टाका" या सल्ल्याचे काय झाले?

संशोधन पद्धती कशासाठी लागतात, हे या एका उदाहरणातून स्पष्ट होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशी पद्धत आली की आपत्तीनंतर काही दिवसांतच सर्वांना एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले, ते एकाच बैठकीत सविस्तर बोलायला लावायचे. कल्पना पटण्यासारखी होती. जगभर ती वापरली गेली, आणि बैठकीनंतर अनेकांनी बरे वाटल्याचे सांगितले.

मग तिची चाचणी झाली. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवरील १९९७ च्या एका प्रयोगात तेरा महिन्यांनंतर बैठक झालेल्या गटात २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, तर बैठक न झालेल्या गटात ९ टक्क्यांना. अर्थात पहिल्या गटातले रुग्ण मुळातच थोडे जास्त भाजलेले होते, म्हणून एकाच प्रयोगावर निकाल लावता येत नव्हता. पुढे असे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा की या एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही, आणि काहींचे नुकसान होऊ शकते.

मग बरे का वाटत होते? कारण बहुतेक माणसे काळाबरोबर आपोआपच सावरतात. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर त्या सावरण्याचे श्रेय उपायाला जाते. भगताकडे नेल्यावर "गुण आला" असे वाटते, त्यामागेही बरेचदा हेच असते.

याचा अर्थ बोलू नये असा नाही. ज्याला बोलायचे आहे त्याचे जरूर ऐका. ज्याला नाही, त्याला खोदून विचारू नका. मदतीला येणाऱ्या संस्था आणि पत्रकारांनीही हे पाळावे. संशोधकांनाही हाच नियम आहे. पूर्ण माहिती आणि संमतीशिवाय, आणि "नको" म्हणण्याची मोकळीक दिल्याशिवाय कोणावरही अभ्यास करता येत नाही. १९२० मध्ये वॉटसन यांनी अल्बर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलाला मुद्दाम घाबरायला शिकवले. आज असा प्रयोग करायला परवानगी मिळणार नाही.

तुम्ही काय करू शकता?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन शब्दांत सांगता येतो.
• पाहा: माणूस सुरक्षित आहे का? जखम, भूक, ओले कपडे, हरवलेले मूल?
• ऐका: शेजारी बसा. तो सांगेल तेवढेच ऐका. "देवाची इच्छा" किंवा "तू तरी वाचलास" असे म्हणू नका.
• जोडा: त्याला नातेवाईक, शेजारी, दवाखाना, पंचनामा आणि मदतीची खरी माहिती यांच्याशी जोडून द्या.

मुलांना शाळा आणि खेळ लवकर सुरू करून द्या. दुर्घटनेचे व्हिडिओ पुन:पुन्हा पाहू देऊ नका. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका, आणि झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

तज्ज्ञांना केव्हा दाखवावे?

पहिले काही आठवडे झोप न लागणे, दचकणे, रडू येणे हे स्वाभाविक आहे. पुढीलपैकी काही असेल तर मात्र थांबू नका:
• महिना उलटूनही भयस्वप्ने, घटना पुन्हा घडते आहे असे वाटणे, किंवा टाळाटाळ कमी होत नाही.
• काम, शाळा किंवा घरचे व्यवहार थांबले आहेत.
• व्यसन वाढले आहे.
• जगणे नको वाटते किंवा आत्महत्येचे विचार येतात. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयाचे पुढील शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार करतात. पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार प्रयोगांतून उपयुक्त ठरलेला आहे. इथेही आघाताविषयी बोलावे लागते. पण ते योग्य वेळी, रुग्णाच्या गतीने, अनेक भेटींत आणि प्रशिक्षित माणसाबरोबर.

सुरुवात गावातल्या आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. तेथून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवले जाते. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

पावसाच्या आवाजाने दचकणाऱ्या माणसाला भित्रा म्हणू नका, आणि बाधा झाली असेही समजू नका. त्याचे मन एका खऱ्या धोक्यातून शिकले आहे. आता सुरक्षित काय आहे, हेही ते शिकू शकते. त्यासाठी त्याला वेळ, पक्का निवारा, आपली माणसे आणि गरज पडल्यास योग्य उपचार मिळाले पाहिजेत.