शिपायाची जखम आणि घरच्यांचा हक्क

सातारा, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतल्या जुन्या गावांतून कधी फिरलात, तर चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेली एक शिळा तुम्हाला दिसेल. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांतले इतके पडले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. बहुधा नावंसुद्धा नसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात तर पडलेल्यांचा आकडा ४६ आहे. अशी शिळा पाहिली की मनात येतं, जे परत आले पण हात नाहीतर पाय तिकडेच ठेवून आले, त्यांचं पुढं काय झालं? आणि जे आलेच नाहीत, त्यांच्या घरची चूल कशावर पेटली?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. अफझलखानाशी १६५९ साली झालेल्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनी काय व्यवस्था केली, ते सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवलं आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याचं निमं वेतन लावून दिलं. जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. ‘जखम पाहून’ हे शब्द नीट ऐका, बरं का. दुखापतीचं मोजमाप करून त्याप्रमाणे मोबदला द्यायचा, हे तत्त्व त्यात आहे. आज डॉक्टरांचं मंडळ टक्के ठरवतं, तेही याच तत्त्वावर. पुढं पेशवाईच्या दफ्तरांत ‘बालपरवेशी’ असा शब्द भेटतो. रणात पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिलेली ती नेमणूक. शब्दच किती मायेचा आहे!

अर्थात त्या काळी सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. धन्याची मर्जी फिरली, खजिना रिता झाला, की नेमणूक थांबे. पण एक सोय होती. जखम ज्याने पाहिली, तोच देणारा. मधे कागदाचा डोंगर नव्हता.

तो डोंगर कंपनी सरकारच्या अमदानीत उभा राहू लागला. १७७० साली क्लाइव्हच्या नावाचा एक निधी निघाला. पैसा मूळचा बंगालच्या मीर जाफरचा, आणि लाभ मात्र कंपनीच्या गोऱ्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना! देशी शिपायासाठी इनव्हॅलिड पेन्शनची निराळी व्यवस्था होती. तिथून पुढं पलटणीच्या वहीत नाव, वैद्याचा दाखला, अधिकाऱ्याची सही, अशी साखळी लांबत गेली.

ती साखळी कुठं तुटू शकते, हे पाहायचं तर मेसोपोटेमियात जावं लागेल. पूना डिव्हिजन कुत येथे वेढली गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली. वाळवंटातून त्यांना पायी चालवलं, पुढं पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी वाटेतच गेले. आता विचार करा, वाटेत पडलेल्या माणसाचा दाखला कोण लिहिणार? इकडे कोकणातल्या नाहीतर माणदेशातल्या बाईला कपाळावरचं कुंकू ठेवायचं की पुसायचं हेच कळेना, तर अर्जात ती काय लिहिणार?

युद्ध संपल्यावर १९१९ साली ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झालं. त्याचाच वंश म्हणजे दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड, आणि आपल्या जिल्ह्याच्या गावी असलेलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. अर्ज लिहून देणं, कागद योग्य दारी पोचवणं, हे त्या कार्यालयाचं कामच आहे. तिथं जायला संकोच करू नका.

स्वतंत्र भारतात तत्त्व असं ठरलं की अपंगत्व सेवेमुळे आलेलं, किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं, आणि साधारणपणे ते निदान वीस टक्के असावं. गोळी लागली तर वाद नाही. पण फेफरं, मधुमेह, मनाचा आजार? तिथं वैद्यकीय मंडळ लिहितं, ‘सेवेशी संबंध नाही’, आणि त्या एका ओळीवर अर्ज परत येतो. सिग्नल दलात १९८५ साली भरती झालेल्या एका शिपायाचं असंच झालं. नऊएक वर्षांनी फेफऱ्यामुळे त्याला घरी पाठवलं, पेन्शन नाकारलं. तो लढत राहिला. २०१३ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असंच धरलं पाहिजे. आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा बोजा शिपायावर नाही. हा निर्णय १९८२ च्या नियमांवरचा आहे. त्यानंतर २००८ आणि २०२३ साली नवे नियम आले. म्हणून सैनिक कोणत्या तारखेला घरी आला, ते आधी पाहावं. अर्ज नाकारला गेला तर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करावं. पुढं २००७ च्या कायद्याने झालेलं सैन्य न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

घरच्यांच्या बाबतीत मृत्यू कशाने झाला यावर सगळं ठरतं. नैसर्गिक कारणाने झाला तर साधं कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. सुरुवातीची काही वर्षं जास्त. सेवेमुळे झाला तर साठ टक्के. शत्रूशी लढताना झाला तर पूर्ण पगार. तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं आहे, ते सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

आता शिक्षक मित्रांसाठी. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. हौसेची गोष्ट आहे, पण तिने किती घरांत घोटाळा केला आहे! माझ्या पाहण्यात एक म्हातारी होती. नवऱ्याने पलटणीत बायकोचं नाव सांगितलं सासरचं. रेशनकार्डावर माहेरचं. आधारकार्डावर तिसरंच, आणि जन्मसाल अदमासे घातलेलं. नवरा गेल्यावर रेकॉर्ड ऑफिसने विचारलं, या तीन बायका कोण? बाई म्हणाली, “साहेब, मी एकटीच हाय की!” पण कागदाला ते ऐकू येत नव्हतं. सव्वा वर्ष तिने शेजारणीकडून उसनं आणून घर चालवलं.

शेवटी तिच्या माहेरच्या शाळेतल्या मास्तरांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. दोन इयत्ता शिकली होती ती. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं निळ्या शाईत. तो उतारा, लग्नाच्या वेळच्या दोन साक्षीदारांचे जबाब आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज पुन्हा गेला, आणि मंजूर झाला. रजिस्टरला वाळवी लागली होती. तिचं पान मात्र शाबूत होतं.