वळचणीचें पाणी आढ्याला

वळचणीचें पाणी आढ्याला चढत नाहीं, अशी म्हण महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पावसाचें पाणी आढ्यावरून उतरावें आणि पागोळ्यांच्या रूपानें अंगणांत पडावें, हा कौलारू घरांचा नित्याचा अनुभव. परंतु कॅनडा, नॉर्वे किंवा अमेरिकेचीं उत्तरेकडील संस्थानें येथें हिंवाळ्यांत ही म्हण खोटी ठरते. तेथें वळचणीचें पाणी खरोखरच मागें फिरून छपरावर चढूं लागतें व सांध्यांतून घरांत शिरतें. हा विपरीत प्रकार कसा घडतो, आणि तो टाळण्यासाठीं माणसानें विजेची उष्णता कामास कशी लावली, हा इतिहास बोधप्रद आहे.

छपरावर पडलेला बर्फ दुलईप्रमाणें पसरतो. घरांतील ऊब माळ्यावर जाऊन छपराचा वरचा भाग तापवते, आणि तेथील बर्फ तळाकडून वितळूं लागतो. तें पाणी वाहत वळचणीपर्यंत येतें. परंतु वळचण भिंतीच्या बाहेर आलेली. तिच्याखालीं ऊब कोठली? तेथें पाणी पुन्हां गोठतें. थरावर थर चढून बर्फाचा बांधच तयार होतो आणि मागून येणारें पाणी त्याच्यामागें तुंबतें. ज्या उबेनें घर सुखावतें, तीच ऊब त्याला गळावयास लावते.

ह्यावर पूर्वीचे उपाय मुख्यतः दोन. एक, छपराचा उतार तीव्र ठेवणें. जपानांतील शिराकावा गांवच्या जुन्या घरांचीं छपरें जोडलेल्या हातांसारखीं उभट आहेत, तीं बर्फाचा भार कमी सांचावा म्हणूनच. दुसरा उपाय, फावडें-कुऱ्हाड घेऊन वर चढण्याचा. त्यांत पाय घसरून जीव धोक्यांत येई, आणि घावांनीं छप्पर फुटे तें निराळेंच.

तिसऱ्या उपायाचें बीज इंग्लंडांत रुजलें. सॅल्फर्ड येथील बिअरच्या एका कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल यानें १८४१ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, विजेच्या उष्णतेचा नियम प्रसिद्ध केला. तारेंतील प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. नियम हातीं आला, पण वारंवार तापूनहि टिकणारी स्वस्त तार मिळेना. लोखंड गंजून झिजे; प्लॅटिनम परवडत नसे. १९०६ सालीं आल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुशास्त्रज्ञास निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचें पेटंट मिळालें, आणि ही अडचण दूर झाली. विजेच्या शेगड्या त्यांतून निघाल्या. पुढें तापणाऱ्या केबलीहि आल्या. वळचणीवर केबल नागमोडी बसवावयाची आणि तीच पन्हळींतून खालच्या नळाच्या तोंडापर्यंत न्यावयाची, म्हणजे पाण्याला वाट मिळते.

परंतु या सेवकास विवेक नव्हता. साध्या केबलीची उष्णता सर्वत्र सारखीच. ती स्वतःवर चढून बसली किंवा वाळक्या पानांखालीं दबली, तर उष्णतेस बाहेर पडावयास वाव उरत नसे. वरचें आवरण वितळून आग लागण्याचें भय असे. आवरण चिरलें, तर ओल्या धातूच्या पन्हळींत वीज उतरे.

या दोन भयांवर दोन निराळे उतारे निघाले. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनीं माणसाच्या देहावर विजेचा काय परिणाम होतो, याचा दीर्घ अभ्यास केला होता. जाणारा व परतणारा प्रवाह यांत किंचित् फरक पडतांच वीज क्षणार्धांत तोडणारें साधन त्यांनीं १९६१ सालीं सिद्ध केलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत रेकेम या अमेरिकन कंपनीनें स्वतःस आवरणारी केबल बाजारांत आणली. तिच्या दोन तारांमध्यें कोळशाची बारीक पूड मिसळलेलें प्लॅस्टिक असतें. तें तापलें कीं फुगतें, कोळशाच्या कणांची सांखळी तुटते आणि प्रवाह कमी होतो. थंड झालें, कीं सांखळी पुन्हां जुळते. आज अमेरिकेच्या वीज-नियमांत अशा केबलीस गळती ओळखून वीज तोडणारें संरक्षण आवश्यक ठरविलें आहे.

तरीहि सावधगिरी माणसाचीच. केबल पहिल्या बर्फापूर्वीं, पन्हळ साफ करून, जाणत्या कारागिराकडून बसवावी. ती खिळ्यांनीं ठोकूं नये, चिमट्यांनीं धरावी. साधी केबल कधींहि कापूं नये, तात्पुरत्या जोडवायरीवर चालवूं नये. आणि बर्फ नसतांना वीज बंद ठेवावी. २०१४-१५ च्या हिंवाळ्यांत बोस्टन शहरांत १०० इंचांहून अधिक बर्फ पडला आणि असंख्य घरें गळलीं. त्या भागांत आतां मराठी कुटुंबेंहि राहतात. त्यांच्या इकडील आप्तांना हा विषय अगदींच परका नाहीं.

मात्र केबल बर्फाच्या बांधांतून वाट काढून देते. बांध कां पडतो, तें कारण ती दूर करीत नाहीं. तें कारण माळ्यांत आहे. माळ्याच्या तळाशीं ऊब अडविणारा जाड थर घालावा, फटी बुजवाव्या, वर थंड हवा खेळती ठेवावी, म्हणजे छप्पर सर्वत्र सारखें गार राहतें. घरची ऊब घरांतच राहिली, तर वळचणीच्या पाण्यास आढ्याकडे चढण्याचें कारणच उरत नाहीं.