वेण्णेच्या उगमाकडे

मेढ्यावरून वाहणारी वेण्णा केळघरच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वरच्या साडेचार हजार फूट उंच पठारावर अडवून साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये तलाव बांधविला. तत्पूर्वी १८२९ मध्येच साताऱ्याच्याच प्रतापसिंह महाराजांनी खंडाळा गावाच्या मोबदल्यात तो मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला होता.

नैर्ऋत्येचा वारा सुटण्याआधी बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधून कंपनीचे साहेबलोक घाट उतरत, आणि वर्षाकाळी ते वैभवशाली ठाणे जवळजवळ निर्मनुष्य होई.

म्हणून तेथील सफरीचा बेत मुक्रर करणाऱ्याने पर्जन्य ओसरू द्यावा, अंगावर ऊबदार वस्त्र घ्यावे, आणि तलावातील वेण्णेचे हेच जल मेढ्यावरून माहुलीस कृष्णेला मिळते, हे जाणून त्याचे पावित्र्य निष्ठेने राखावे.