शाहीर अमर शेख आणि तांबड्या निशाणाचे गाणे



सन १९६९ च्या पावसाळ्यात अवघ्या सहा आठवड्यांच्या आत तीन माणसे काळाच्या पडद्याआड गेली. १८ जुलै रोजी मुंबईत अण्णाभाऊ साठे वारले. २५ ऑगस्ट रोजी आपल्या हैदराबादचे मख्दूम मोहिउद्दीन यांनी दिल्लीत देह ठेवला. त्यानंतर चारच दिवसांनी, २९ ऑगस्ट रोजी, शाहीर अमर शेख एका मोटार-अपघातात दगावले. तिघांची भाषा, घराणे आणि धाटणी वेगळी होती. पण तिघांचे निशाण एकच होते, ते तांबडे. आणि तिघांनीही आपली वाणी कामकऱ्यांच्या सभांत वाढविली. मख्दूमसाहेबांविषयी या शहरात पुष्कळ बोलले जाते. आज बोलावयाचे आहे ते अमर शेखांविषयी. कारण हैदराबादच्या मराठी माणसाचे त्यांच्याशी असलेले नाते आपण जवळजवळ विसरलो आहोत.

अमर शेखांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्या काळचे बार्शी हे इंग्रजी मुलखाच्या कडेवरचे गाव. पूर्वेला थोडे अंतर गेले की निजामाची हद्द लागे. १९११ साली बार्शीची छोटी रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली, आणि निजामी मुलखातला कापूस व गळिताचे धान्य या अरुंद रुळांवरून ये-जा करू लागले. मालाबरोबर माणसे आली, माणसांबरोबर गाणी आली. एका बाजूला पंढरीच्या वाटेवरचे अभंग, दुसऱ्या बाजूला दख्खनी बोलीतली गीते, आणि घरात आईच्या तोंडच्या ओव्या. मुसलमान घरातली आई जात्यावर मराठी ओवी म्हणते, याचे त्या मुलखात कोणाला नवल वाटत नसे. अमर शेखांच्या गायकीचे पहिले गुरुकुल हेच होय.

घरची गरिबी असल्यामुळे शाळा लवकर सुटली. मोटारीवर क्लीनर म्हणून, मग गिरणीत कामगार म्हणून त्यांनी दिवस काढले. गिरणीतल्या चळवळीपायी तुरुंगवास घडला आणि तुरुंगातच साम्यवादी विचारांची ओळख झाली. पुढे कोल्हापुरात चित्रपटसृष्टीतील मंडळींच्या सहवासात असताना त्यांना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले. बार्शीचा मेहबूब पटेल मागे राहिला आणि डफ हाती घेतलेला शाहीर पुढे आला.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. १९४३ च्या फेब्रुवारीत स्टालिनग्राडला जर्मन सैन्याने शरणागती पत्करली. त्या लढाईवर अण्णाभाऊ साठे यांनी पोवाडा रचला. व्होल्गाकाठचे नगर ज्याने कधी पाहिले नाही, अशा वाटेगावच्या मुलाने ते मुंबईच्या चाळीत उभे केले, ही गोष्ट आजही विचार करण्यासारखी आहे. १९४४ साली अण्णाभाऊ, दत्ता गव्हाणकर आणि अमर शेख यांनी मिळून ‘लाल बावटा कलापथक’ काढले. लिहिणारे हात अनेक होते, परंतु हजारोंच्या समुदायाला एका क्षणात गप्प करणारा आणि दुसऱ्या क्षणी उठवून बसविणारा गळा अमर शेखांचा होता. बंगालच्या दुष्काळासाठी झोळी फिरविताना तो गळा कामास आला; गिरण्यांच्या संपात कामास आला; तेलंगणातील शेतकऱ्यांचा लढा पेटला तेव्हा अण्णाभाऊंनी त्यावरही पोवाडा रचला.

येथे एक तुलना करण्याचा मोह होतो. ज्या देशाचे गुणगान हे शाहीर करीत होते, त्या सोव्हिएत रशियात त्याच वेळी लोकगायकांची काय अवस्था होती? लिदिया रुसलानोवा या नावाची एक गायिका तेथे अफाट लोकप्रिय होती. १९०० साली साराटोव प्रांतातील शेतकरी घरात जन्मलेली, लहानपणीच अनाथ झालेली ही स्त्री खेड्यातली गाणी खेड्यातल्याच ठसक्यात गाई. महायुद्धात ती आघाडीवर जाऊन सैनिकांपुढे गायिली, आणि मे १९४५ मध्ये बर्लिन पडल्यावर तेथील संसदभवनाच्या पायऱ्यांवरही तिचे गाणे झाले. यापेक्षा मोठा मान कोणता? पण १९४८ साली तिला अटक झाली. तिचा पती सेनापती होता आणि मार्शल झुकोव यांच्या जवळच्या माणसांपैकी होता; झुकोववर स्टालिनची मर्जी खप्पा झाली, त्याची झळ या गायिकेला लागली. १९५३ साली स्टालिन निवर्तल्यानंतरच ती सुटली.

म्हणजे पाहा, मुंबईच्या मैदानांतून रशियाच्या विजयाचा डंका वाजत होता, त्याच वर्षांत त्या विजयाची गायिका तुरुंगात होती. आपल्या शाहिरांना हे ठाऊक असण्याची शक्यता फारच थोडी. पण आज आपल्याला ठाऊक आहे, आणि म्हणून प्रश्न टाळता येत नाही. जी आशा खोटी ठरली, तिच्यासाठी गायिलेले गाणेही खोटे ठरते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन्ही ठिकाणच्या सत्तेचा गायकाशी असलेला व्यवहार ध्यानात घ्यावा लागतो. रशियात गायकाला ध्वनिक्षेपक देणारे, तबकड्या काढणारे, पदव्या देणारे सरकारच होते. त्यामुळे सरकारची मर्जी फिरली की एका रात्रीत तबकडी थांबे आणि नाव पुसले जाई. आपल्याकडे अमर शेखांच्या वाट्याला उलट प्रकार आला. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने लाल बावट्याच्या तमाशांवर बंदी घातली. ज्याला सरकारने काही दिलेच नव्हते, त्याच्यापासून सरकार काय काढून घेणार? फार तर तमाशाचा परवाना. पथकाने तमाशाचे लोकनाट्य केले आणि डफ वाजतच राहिला. मत न पटणाऱ्या गायकावर बंदी घालणारे राज्य आणि त्याला वर्षानुवर्षे कोंडणारे राज्य यांत फरक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण बंदी ती बंदीच, हेही विसरता कामा नये.

अमर शेखांच्या आयुष्याचे शिखर म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. १९५५ ते १९६० या पाच वर्षांत मुंबईच्या मोठ्या सभांत आधी अमर शेखांचे गाणे आणि मग पुढाऱ्यांचे भाषण, असा जणू रिवाजच पडला. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्यांनी महाराष्ट्रभर नेली. पोट भरण्यासाठी मुंबईस आलेल्या गड्याचा घरच्या कारभारणीसाठी होणारा जीवाचा तळमळाट आणि मराठी मुलखाची ताटातूट, या दोन व्यथा त्या छक्कडीने एकत्र बांधल्या. राजकीय ठराव ज्याच्या कानावरून जात, त्या हमालालाही ही ताटातूट समजली. आचार्य अत्रे यांनी अमर शेखांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले ते याच सामर्थ्याला उद्देशून. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी; त्याने १९३० साली स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले. उपमा देताना ती बाजू अत्र्यांच्या मनात नसणार.

आता हैदराबादकडे वळू. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. त्याआधीच्या वर्षभरात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर जे तळ उभारले, त्यांत सोलापूर-बार्शीकडचा टापू महत्त्वाचा होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला जोडले गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात आले. काचीगुडा, सुलतान बाजार येथील मराठी कुटुंबे मात्र होती तेथेच राहिली. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी जागची हलली नाही. पण तिच्या पाठीशी असलेला मराठी मुलूख एका दिवसात परराज्य झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात मंगल कलश आला तेव्हा येथल्या मराठी माणसाने आनंद मानला; पण घरचे लग्न परगावी व्हावे आणि आपण पत्रिकेवरच समाधान मानावे, तसा तो आनंद होता. बिदर-भालकीकडच्या लोकांचेही तेच. मैनेपासून दुरावलेल्या गड्याचे गाणे ज्यांना अखेरपर्यंत लागू पडले, असे कोणी असतील तर ते आपण.

राज्य मिळाल्यावर चळवळीच्या शाहिराला फारसे काम उरत नाही. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात अमर शेखांनी भूमिका केली. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा साम्यवादी चळवळीत मोठा पेच पडला. पण अमर शेखांचा डफ देशाच्या बाजूनेच वाजला. निशाणाचा रंग त्यांनी सोडला नाही, तरी कोणत्या वेळी काय गावे याचा निर्णय त्यांनी परक्या राजधानीवर सोपविला नाही. याच ठिकाणी त्यांचे मोठेपण मला विशेष जाणवते.

आता मघाच्या प्रश्नाकडे येतो. वर्गात भाषावार प्रांतरचना शिकविताना मुले पुढाऱ्यांची नावे पाठ करतात. ज्याने ती चळवळ लोकांच्या कानात घातली, त्याचे नाव क्वचितच कोणी सांगते. याचे एक कारण असे, की पक्षाचा गायक म्हणून आपण त्याला पक्षाबरोबरच मोजतो. पक्ष ओसरला, तसा गायकही बाजूला पडला. हा हिशेब न्यायाचा नाही. सोव्हिएत राज्य १९९१ साली लयाला गेले. परंतु रुसलानोवाची खेडवळ गाणी रशियन माणूस आजही ऐकतो, कारण ती राज्याच्या आधीची होती आणि राज्याहून खोल होती. अमर शेखांचेही तसेच आहे. भाकरी, बिऱ्हाड, विरह आणि मजुरी हे त्यांच्या गाण्याचे खरे विषय; क्रांतीची तारीख हा त्यावरचा शिक्का. शिक्का पुसट झाला, विषय पुसट झालेला नाही.

म्हणून खोटी ठरलेली आशा खोटी म्हणावी, तिच्यापायी ज्यांचे बळी गेले त्यांची आठवण ठेवावी, आणि तरीही गाणे टाकून देऊ नये, असे मला वाटते. मुंबई विद्यापीठाने शाहीर अमर शेख अध्यासन स्थापून आपले कर्तव्य काही अंशी केले आहे. उरलेले कर्तव्य घराघरांतले आहे. हैदराबादच्या मराठी घरांतून अजूनही आजी-आजोबांना त्या काळची गाणी येत असतील. ती त्यांच्याकडून ऐकून घ्यावीत, कागदावर उतरवून ठेवावीत आणि मुलांना त्यांच्या चालीसकट शिकवावीत. पुस्तकात शब्द राहतात; चाल मात्र माणसाकडून माणसाकडेच जाते, आणि ती माहीत असलेली माणसे दर वर्षी कमी होत आहेत.