पॉवर स्टेअरिंग ऑइल (जुन्या मोटारींचे)

स्टेअरिंग फिरवताना चालकाच्या हातावरचा भार हलका करणारे, दाबाखाली फिरणारे तेल. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप ते स्टेअरिंगच्या रॅकमध्ये ढकलतो. हेच तेल पंपाला वंगण पुरवते, उष्णता वाहून नेते आणि रबरी सीलच्या सतत संपर्कात असते; त्यामुळे चुकीच्या तेलाचा फटका सगळ्याच यंत्रणेला बसतो. विक्रीच्या मोटारीत ही सोय प्रथम क्रायस्लरने १९५१ साली दिली. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत विजेची मोटर हे काम करते, तिथे तेलाचा प्रश्नच उरत नाही.

जुन्या गाड्यांत मात्र तो उरतोच, आणि देशागणिक त्याचे उत्तरही बदलते. २००९ साली भारतीय बाजारात आलेल्या फियाट लिनिआ आणि ग्रांदे पुंटो पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत. गंमत अशी, की युरोपातल्या ग्रांदे पुंटोला विजेवरचे स्टेअरिंग होते, भारतातल्या पुंटोला तेलावरचे. अशा गाडीची माहिती परदेशी पुस्तिकेतून उचलली, तर घोटाळा ठरलेला.

जुन्या गाड्यांसाठी तेलाचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा, म्हणजे एटीएफचा. टोयोटा क्वालिससारख्या अनेक गाड्या डेक्सरॉन जातीच्या या लाल तेलावर चालतात. डेक्सरॉन-३ चे परवाने जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केले. आज बाटलीवर ते नाव दिसले, तर त्यामागे उत्पादकाचा शब्द असतो, जनरल मोटर्सची मान्यता नव्हे. दुसरा गट हिरव्या सिंथेटिक हायड्रॉलिक तेलाचा. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) जुळणी झालेल्या पहिल्या स्कोडा ऑक्टाव्हियाला हेच लागते. तिसरा होंडाचा: १९९८ पासूनच्या जुन्या सिटीला कंपनीचे स्वतःचे पॉवर स्टेअरिंग फ्लुइड (पीएसएफ) हवे, एटीएफ चालत नाही.

रंगावर मात्र विसंबू नये. रंग तेलात मिसळलेला असतो आणि तेल जुने झाले की लालही काळपट दिसते. स्टेअरिंग तेलाच्या टाकीच्या टोपणावरचा मजकूर आधी वाचावा. तो पुसला असेल तर त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची भारतीय पुस्तिका पाहावी. ब्रेक ऑइल तर चुकूनही ओतू नये. ते ग्लायकॉलवर आधारलेले असते, त्याने स्टेअरिंगचे सील फुगून मऊ पडतात आणि मग सील किटवर भागेलच असे नाही.

आधी काय भरले होते ते कळत नसेल, तर मिस्तरी मोठ्या सिरिंजने टाकी रिकामी करतात, योग्य तेल भरतात, पुढची चाके उचलून स्टेअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवतात आणि तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा करतात. टाकीत फेस दिसला किंवा पंप कण्हू लागला, तर आत हवा शिरली आहे असे समजावे. पातळी वरचेवर घटत असेल, तर नुसती भर घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आधी होज आणि रॅकची गळती शोधून घ्यावी.